कोजागरीच्या बाटल्या आणि गोल्ड स्पॉट

शुभाताई, ए-७०१: काल कोजागरी छान झाली, सगळ्यांचे आभार. पण आज सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तर लाद्या नुसत्या चिकट. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या अर्ध्या भरलेल्या तशाच आडव्या पडल्यात. मुंग्यांची रांग पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आहे. आमचं घर वरच्या मजल्यावर, त्या उतरतात आमच्याकडेच. दरवर्षीचं झालंय हे.

सेक्रेटरी, बी-२०३: ताई, क्षमस्व 🙏 सफाईवाला उद्या येतोय. कृपया ग्रुपवर फोटो टाकू नयेत.

शुभाताई, ए-७०१: मागच्या वर्षी फोटो टाकले नव्हते, तेव्हा कमिटीने मानलं होतं का?

प्रमिलाकाकू, ए-३०२: मी मीटिंगमध्येच म्हटलं होतं. कोजागरीला आटवलेलं दूध असतं, कोल्ड्रिंक नसतं.

बंटी, सी-४०४: काकू, दूध होतं की. मुलं पीत नाहीत.

प्रमिलाकाकू, ए-३०२: मुलांना दिलं कुणी? साडेदहालाच पातेलं रिकामं. कोणी संपवलं ते मी पाहिलंय.

सी-१०५: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? केबलवाला आलाय.

नाना, बी-५०१: शुभाताईंचं अगदी बरोबर आहे. ही दोन लिटरची बाटली आली आणि टाकून द्यायची सवय लागली. आमच्या लहानपणी गोल्ड स्पॉट, ते संत्र्याच्या चवीचं कोल्ड्रिंक, काचेच्या बाटलीत यायचं. डिपॉझिट ठेवल्याशिवाय वाणी बाटली बाहेर नेऊ द्यायचा नाही, म्हणून दुकानाच्या फळीला टेकून तिथंच प्यायची. आम्हा तिघा भावंडांत एक बाटली आणि तीन स्ट्रॉ. थोरला जोरात ओढायचा, म्हणून आई काचेवर बोट ठेवून दाखवायची, "इथपर्यंत तुझं." थेंब उरत नव्हता. मुंग्या येणार कुठून?

गौरी, ए-१०४: नाना 😄 आमच्याकडे रसना. एका पाकिटात ३२ ग्लास! पुडी आणि छोटी बाटली वेगळी यायची, साखर आपली. आई पाक करून जुन्या बाटल्यांत भरायची आणि पाहुणे येईपर्यंत फ्रिजला हात लावायची बंदी.

वकीलसाहेब, सी-२०१: बिल्ल्यांचं विसरलात, बाटलीच्या पत्र्याच्या झाकणांचं. थम्सअपचे बिल्ले जमवले की क्रिकेटची फ्लिकर बुकं मिळायची. पानं भरभर सोडली की बॅट्समन फटका मारायचा.

नाना, बी-५०१: थम्सअप आलंच मुळी जॉर्ज फर्नांडिसांमुळे. १९७७ ला त्यांनी कोकाकोला हाकलला म्हणून.

वकीलसाहेब, सी-२०१: नाना, पूर्ण सांगा. फेरा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, १९७३ चा, इंदिराबाईंच्या काळातला. परकीय भांडवल ४० टक्क्यांवर आणा अशी अट होती. सरकारने फॉर्म्युलाही मागितला, तो कंपनीला उघड करायचा नव्हता, ती गेली. जॉर्ज उद्योगमंत्री होते, त्यांनी अट सोडली नाही इतकंच.

नाना, बी-५०१: इतकंच? समोर एवढी मोठी कंपनी असताना अट न सोडणं सोपं होतं का? आणि जनता सरकारने स्वतःचा कोला काढला, डबल सेव्हन. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्नसंशोधन संस्थेने फॉर्म्युला दिला, मॉडर्न ब्रेडवाल्या सरकारी कंपनीने विकला.

बंटी, सी-४०४: सरकारी कोला?? रेशनकार्डावर मिळायचा का 😂

वकीलसाहेब, सी-२०१: चव तशीच होती.

सेक्रेटरी, बी-२०३: कृपया राजकारण नको 🙏

सी-१०५: गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?

प्रमिलाकाकू, ए-३०२: चेंबूरला राहून ड्यूक्सचं नाव कुणी काढत नाही म्हणजे कमाल आहे. १८८९ ची पारशी कंपनी, फॅक्टरी आपल्या इथली. मँगोला उघडायच्या आधी बाटली उलटी करून हलवायची, गर तळाला बसलेला असायचा. आणि त्यांचं रासबेरी! जीभ लाल झाली की घरी पकडले जायचो. १९९४ ला पेप्सीने घेतली ती.

बंटी, सी-४०४: कॅम्पा तर परत आलाय की. २०२२ ला रिलायन्सने घेतला, पुढच्या वर्षी बाजारात. मी कालच प्यायलो.

नाना, बी-५०१: कॅम्पा आला, लिम्का आहे, थम्सअप तर कोकाकोलालाही मारता आलं नाही. गेलं ते गोल्ड स्पॉट. १९९३ ला पार्लेच्या चौहानांनी थम्सअप, लिम्का, माझा, सिट्रा, गोल्ड स्पॉट सगळं कोकाकोलाला विकलं. मग त्यांचा फँटा चालावा म्हणून गोल्ड स्पॉट बाजूला सारलं. विकलं जात होतं ते, लोक मागत होते. त्याचा राग मला अजून आहे.

शुभाताई, ए-७०१: नाना, तुमच्या बोलण्यातून एक सुचलं. ३१ डिसेंबरला काचेच्या बाटल्यांचे क्रेट मागवूया. २४ ची क्रेट, रिकामी परत दिल्याशिवाय डिपॉझिट सुटत नाही. मग कमिटीच मोजून गोळा करेल.

सेक्रेटरी, बी-२०३: ताई, काच फुटली तर? मुलं अनवाणी पळतात. आणि डिपॉझिट कोण भरणार?

बंटी, सी-४०४: मेंटेनन्समध्ये लावा.

प्रमिलाकाकू, ए-३०२: मेंटेनन्स भरतात त्यांनी बोलावं.

बंटी, सी-४०४: काकू, नाव घेऊन बोला. माझा चेक सोमवारी दिलाय.

सेक्रेटरी, बी-२०३: चेक मिळाला आहे. विषय संपला 🙏

नाना, बी-५०१: डिपॉझिट मी भरतो. गच्चीच्या दाराशी टेबल लावा, बाटल्या तिथंच उघडा, तिथंच प्या, तिथंच परत. पुढे बाटली न्यायचीच नाही. मी बसतो टेबलावर.

शुभाताई, ए-७०१: चालेल. मनापासून आभार नाना.

सेक्रेटरी, बी-२०३: पुढच्या मीटिंगला ठेवतो.

सी-१०५: किल्ली??

सेक्रेटरी, बी-२०३: वॉचमनकडे आहे. सकाळपासून तिथंच आहे.

गौरी, ए-१०४: नाना, लेक विचारतेय बिल्ल्याचं अजून काय करायचात?

नाना, बी-५०१: भिंगरी! बिल्ला हातोडीने सपाट करायचा, मधोमध दोन भोकं, त्यातून दोरा ओवायचा, पीळ देऊन ओढायचा. गरगर आवाज येतो. रविवारी पाठव तिला. हातोडी, खिळा माझ्याकडे आहे, दोरा जाड आण म्हणावं.