मदत हवी आहे: मत्स्यालयाचं तिकीट किती? पाच जण, कमी खर्चात, अर्जंट

होटगीनाका
मंगळवारी रात्री सोलापूरहून निघतोय. बुधवारी दिवसभर मत्स्यालय बघायचं आणि त्याच रात्री गाडीत बसून परत. लॉज करायचा नाही. माणशी तिकीट किती पडतं? आत किती वेळ लागतो? आणि तो काचेचा बोगदा असतो ना, डोक्यावरून मासे जातात, त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं का? नेटवर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. ज्यांनी स्वतः बघितलंय त्यांनीच सांगा. रिझर्वेशन झालंय, त्यामुळे तारीख बदलणार नाही.

बाळीवेस_बंड्या
कुठलं मत्स्यालय बे? गाव तरी सांग.

विजापूरवेस
हैदराबादला जात असाल तर रेल्वेपेक्षा एसटी बरी. तीनशे किलोमीटर तर आहे. सकाळी पोचून आधी चारमिनार करा.

होटगीनाका
हैदराबाद कुठून आलं मध्येच? मुंबई. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं. अजून कुठं असतंय मत्स्यालय?

पेठेतला_मास्तर
मुंबईचं म्हणजे मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला. आम्ही 1988 साली शाळेची सहल नेली होती. चर्नी रोडला उतरून मुलांची रांग लावून समुद्राच्या कडेनं चालत गेलो. वास्तू 1951 सालची, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन झालेलं. त्या काळी आठ लाख खर्च आला होता, त्यातले दोन लाख तारापोरवाला नावाच्या पारशी गृहस्थांनी दिले म्हणून त्यांचं नाव. एक मोठं कासव होतं. आमच्या वर्गातला एक पोरगा त्याच्यासमोरून हलायलाच तयार नव्हता.

होटगीनाका
मास्तर, तिकीट किती ते सांगा.

पेठेतला_मास्तर
तेव्हा काही पैशांत होतं.

डोंगरी_लोकल
थांबा थांबा. तारापोरवाला बंद आहे. 2015 ला नूतनीकरण करून उघडलं होतं, तेव्हाच तो बारा फुटी छोटा बोगदा केला. कोरोनात बंद झालं ते झालंच. पुढं इमारत धोकादायक ठरली. तुम्ही पाच जणांना घेऊन तिथं गेलात तर बंद दरवाजा आणि समोर समुद्र, एवढंच दिसेल.

होटगीनाका
असं कसं? पोराला मी स्वतः रील दाखवलंय. खाली ठळक लिहिलंय की मुंबईत चला. मोठा बोगदा आहे, शार्क डोक्यावरून जातोय, लोक उभे राहून फोटो काढतात.

कंबरतलाव
रीलची लिंक टाका.

(लिंक टाकली. दोन तास कोणी बोललं नाही.)

कंबरतलाव
दादा, हे मुंबई नाही, अहमदाबाद आहे. सायन्स सिटीतलं. आम्ही गेलोय, मागं दिसतो तो वळणाचा जिना ओळखू येतो. 2021 ला सुरू झालं. बोगदा 28 मीटरचा, टाक्या 68. आम्ही गेलो तेव्हा मत्स्यालयाचे माणशी 200 आणि आवारात शिरायचे 50 वेगळे घेतले होते. पाच जणांचे तिथंच साडेबाराशे होतात, वर सोलापूरहून अहमदाबादचं गाडीभाडं वेगळं. रील टाकणाऱ्यानं मुंबई लिहिलं तर तुम्ही काय करणार म्हणा.

बाळीवेस_बंड्या
रीलवर बघून तिकीट काढलं होय बे! लै भारी.

होटगीनाका
हसू नका. नॉन-रिफंडेबल नाही, पण पैसे कापतात. पोरं चार दिवसांपासून नाचतायत. मुंबईत दुसरं काही आहे का तेवढं सांगा. खर्च पाच हजारांत बसला पाहिजे, त्यात गाडीची तिकिटं धरलेली नाहीत.

डोंगरी_लोकल
भायखळ्याला राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय. पेंग्विन आहेत. नवरा-बायको आणि दोन मुलं असं कुटुंब तिकीट 100 रुपये, एरवी मोठ्यांना 50, बारा वर्षांखालच्यांना 25. मगरी-सुसरींचं तळं आहे, तिथं काचेतून पाण्याच्या खालचं दिसतं. बोगदा नाही, पण पोरांना पुरतं. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, दहा मिनिटं चालत.
पण तुम्ही बुधवारी जाताय ना? बुधवारी बाग बंद असते.

होटगीनाका
हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं.

डोंगरी_लोकल
मला तुमच्या तिकिटाचा वार काय स्वप्नात दिसणार होता? तारापोरवाल्याच्या चौकशीतच दोन दिवस गेले.

जुळे_सोलापूरकर
पेंग्विन बर्फातले प्राणी. मुंबईच्या उकाड्यात आणून ठेवलेत, हे बघायला जाणंच मला पटत नाही.

कंबरतलाव
ते बर्फातले नाहीत हो. हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथं थंड पाण्याचा प्रवाह आहे, जमीन कोरडीच. राणीच्या बागेत खोलीचं तापमान सोळा-अठरा अंशांवर ठेवतात. 2016 ला दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले होते, त्यातला एक गेला. पुढं पिल्लं झाली. पटत नसेल तर तो वाद वेगळा, पण बर्फ मध्ये आणू नका.

जुळे_सोलापूरकर
सोळा अंश ठेवायला वीज किती लागते त्याचा हिशेब लावा मग. आमच्याकडं चार दिवसांनी पाणी येतं आणि तिथं पक्ष्यांना एसी.

अ‍ॅक्वा_अण्णा
एवढा खर्च करण्यापेक्षा घरी टाकी घ्या. साठ लिटरची घ्या, गोल भांडं नको, त्यात मासा हळूहळू मरतो. आपलं बोअरचं जड पाणी गप्पी आणि मोली माशांना मानवतं. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. आणि पहिल्याच दिवशी वीस मासे सोडू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला महिना-दीड महिना जातो. लोक घाई करतात, आठवड्यात मासे उलटे तरंगतात आणि दुकानदाराला शिव्या घालतात. चार दिवसांनी पाणी येणं हीच खरी अडचण, कारण दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागतं. त्यासाठी वेगळा ड्रम भरून ठेवा.

होटगीनाका
अण्णा, टाकी विचारली कोणी?

मालवणी_जावई
मी सासुरवाडीमुळं सोलापूरकर. गाव देवगड. एक फुकटातलं सांगू का? काचेत कशाला बघता, ओहोटीला खडकात बघा. मुंबईला खडकाळ किनारा आहे. तुम्ही किती वयाच्या लोकांना नेताय, ते आधी सांगा.

होटगीनाका
मी, मिसेस, मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची आणि आई. आईचे गुडघे दुखतात. आईला घरी कोणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

विजापूरवेस
आईला घेऊन पहाटे उतरवणार, दिवसभर फिरवणार आणि रात्री परत बसवणार? गुडघ्यांचं काय व्हायचं? शिवाय मंगळवारी कार्तिकी एकादशी. पंढरपूरची गर्दी कुर्डूवाडीला गाडीत घुसणार. रिझर्वेशन असलं तरी आत शिरतात. खालचा बर्थ मिळालाय का आईला?

होटगीनाका
मिळालाय. आईचा उपवास आहे, साबुदाणा डब्यात नेणार.

मालवणी_जावई
मंगळवारी कार्तिकी म्हणजे बुधवारी द्वादशी. ऐका. आमच्याकडं तिथीची पाऊणपट करतात, तेवढ्या वाजता भरती पूर्ण भरते. बारा गुणिले पाऊण, नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती, तिथून सहा तासांनी तीनला ओहोटी. पौर्णिमेइतकी खालपर्यंत उघडी पडणार नाही, पण पुरेशी पडते. छापील कोष्टक बघून खात्री करा, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंच.
दीडच्या सुमारास वांद्र्याच्या बँडस्टँडला पोचा. सीएसएमटीहून हार्बर लोकल थेट वांद्र्याला जाते, पश्चिमेला उतरून रिक्षा किंवा बस. रिक्षा वांद्र्यापासून पुढं मिळते, दक्षिण मुंबईत नाही, हे लक्षात ठेवा. आईंना वर कट्ट्यावर बसवा, खाली नेऊ नका, शेवाळ निसरडं असतं. पोरांना पायात पट्ट्याची सँडल घाला, स्लिपर नको.
खडकातल्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं. गप्प उकिडवं बसायचं, सावली पडू द्यायची नाही. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, तो शंख नसतो, आत खेकडा असतो. समुद्रफूल दिसेल, बोटाजवळ काही नेलं की मिटतं. पोरांना सांगा, बघायचं, उचलायचं नाही. कालवं खडकाला चिकटलेली, त्यांची कड ब्लेडसारखी असते, हात टेकू नका. समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही. पाणी वळायला लागलं की लगेच वर. तीन वाजून गेले की निघा. तिथं लोक बुडालेत.

बाळीवेस_बंड्या
एवढं तर गाईडसुद्धा सांगत नाही बे जावई.

जुळे_सोलापूरकर
बँडस्टँडला गटाराचं पाणी येतं. पोरांना खरूज व्हायची.

मालवणी_जावई
येतं, खोटं कशाला बोलू. बाटलीत स्वच्छ पाणी न्या आणि वर आल्यावर हातपाय धुवा. तुम्ही कधी गेला होतात का?

जुळे_सोलापूरकर
ऐकलंय.

डोंगरी_लोकल
पहाटे उतरल्यावर दीडपर्यंत करायचं काय, हा प्रश्न राहतोच. ससून डॉकला मासे उतरताना बघा. मुशी, पाकट, वाम, हलवा, रावस सगळं टोपल्यांत. मेलेले, पण खरे.

होटगीनाका
आमच्या घरात वशाट चालत नाही. आईला तो वास आला की दिवस गेला.

डोंगरी_लोकल
मग मत्स्यालय चालतं कसं?

होटगीनाका
काचेच्या आत आहे ना ते.

कंबरतलाव
अहो, पण पेंग्विनसाठी एक दिवस जास्त थांबलात तर सगळं सुटतं. बुधवारी समुद्र, गुरुवारी राणीची बाग. मुंबईत कोणी नातेवाईक नाही का?

होटगीनाका
बहीण डोंबिवलीला आहे.

विजापूरवेस
अरे!

बाळीवेस_बंड्या
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं बे.

होटगीनाका
तिच्याकडं गेलो की ती दोन दिवस सोडत नाही, पुरणपोळी करते, मग फिरणं होत नाही. म्हणून तिला सांगितलंच नव्हतं.

कंबरतलाव
ताईला आजच फोन करा. सिद्धेश्वर कल्याणला थांबते, तिथंच उतरा, डोंबिवली जवळ. आई ताईकडं अंघोळ करतील, पारणं सोडतील, पडतील थोड्या. दुपारी हव्या असतील तर बँडस्टँडला, नाहीतर घरी. गुरुवारी डोंबिवलीहून फास्ट लोकल भायखळ्याला थांबते, पण नऊच्या आधी चढू नका, चेंगराल. बाग साडेनऊला उघडते. आत पन्नासेक एकर आहे, आईंसाठी बसत बसत चला. तुमचं कुटुंब तिकीट 100 आणि आईंचे 50, झाले दीडशे. फक्त परतीचं तिकीट गुरुवार रात्रीचं करून घ्या.

पेठेतला_मास्तर
आणि त्याच आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं. मुलांना जुन्या मुंबईचे नमुने दाखवा.

विजापूरवेस
तुळशीचं लग्न?

होटगीनाका
पौर्णिमेपर्यंत चालतंय, आई म्हणते परत आल्यावर लावू. परतीचं वेटिंग 14 आहे, तत्काळ टाकतो. ताईला फोन केला, आधी खूप बोलली, मग विचारलं आईला उपवासाचं काय चालतं.

होटगीनाका
(नऊ दिवसांनी) आलो. तत्काळ मिळालं नाही, वेटिंगमधले तीन कन्फर्म झाले, दोन आरएसी. ताईनं पुरणपोळी केलीच. बँडस्टँडला आई कट्ट्यावर बसली ती बसलीच, शेजारच्या बाईंशी ओळख काढली. मुलगा पाऊण तास एका खळग्यापाशी. जावई म्हणाले तसं पहिल्यांदा काहीच दिसलं नाही आणि तो रडवेला झाला, मग तो शंखातला खेकडा चालायला लागला. मुलीला काही दिसलं नाही, तिनं शिंपले वेचले, तेही मी परत टाकायला लावले तर घरापर्यंत रुसली. राणीच्या बागेत पेंग्विनपाशी गर्दी होती, पुढं सरका पुढं सरका चाललेलं, दोन मिनिटं नीट बघता आलं नाही. मगर मात्र काचेला टेकून बसली होती, तिथं मनसोक्त. एकूण खर्च 3,100, त्यात ताईच्या पोरांचा खाऊ आला. शार्क राहिलाच. मुलगा विचारतो अहमदाबाद कधी.
अण्णा, साठ लिटरच्या टाकीखाली स्टँड लोखंडी घ्यावा का लाकडी?

अ‍ॅक्वा_अण्णा
लोखंडी. साठ लिटर म्हणजे नुसतं पाणीच साठ किलो, वर काच आणि वाळू. टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका.

सात_रस्ता_99
धागा सगळा वाचला नाही, पण मुंबईला जाताय तर तारापोरवाला मत्स्यालय चुकवू नका. चर्नी रोडला उतरा, समोरच आहे.