संमती होती, पण कशाला?

"आखाड्यात उतरला म्हणजे सगळ्यालाच तयार झाला, मग इजा झाली तर भरपाई कसली?" असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या बघत वाढलेल्या कुणालाही विचारा. धोबीपछाड बसून खांदा निखळला तर पैलवानाचा दावा टिकायचा नाही, कारण आपटणं हा खेळाचाच भाग, त्याला संमती धरलेलीच असते. पण पंचानं कुस्ती सोडवल्यावर समोरच्यानं ठोसा हाणला तर? त्याला कुणी होकार दिला होता?

टॉर्ट म्हणजे दिवाणी अपकृत्याचा कायदा, ज्यात नुकसानभरपाई मागता येते. त्यातल्या 'बॅटरी'ला, म्हणजे अंगाला बेकायदा हात लावण्याला, इजा व्हावीच लागत नाही. संमतीशिवाय मुद्दाम केलेला स्पर्श पुरतो. म्हणून संमती कुठवर होती, यावरच सगळं भांडण.

दवाखान्यात तर हे जास्तच. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा एक निकाल आहे. अविवाहित बाई, वय ४४, दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढलं. कोर्टानं सांगितलं, रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, तर आईची संमती चालत नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची नव्हे. हेतू चांगला होता हा बचावही उपयोगी पडला नाही. भरपाई मात्र २५,००० रुपयेच, शिवाय डॉक्टरांची फी बुडाली. मला ही भरपाई फारच कमी वाटते.

आणि हो, फसवून घेतलेला होकार हा होकारच नाही, हा मुद्दाही विसरायला नको.