तेल होतं, टायर नव्हते

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तेल कमी पडलं म्हणून पेट्रोलचं रेशनिंग आलं, असं कुणी कुणी म्हणतं. पूर्व किनाऱ्यापुरतं ते बरोबर आहे. जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजं बुडवत होत्या, म्हणून तिथे मे १९४२ मध्येच रेशनिंग लागलं. पण १ डिसेंबर १९४२ पासून ते देशभर लागलं, अगदी तेलाच्या टेक्सस राज्यातसुद्धा, ते मुख्यतः टायर वाचवायला! जपानने मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) घेतल्यावर अमेरिकेला येणारं सुमारे ९० टक्के नैसर्गिक रबर बंद झालं होतं. गाडीवर साधं 'ए' स्टिकर, म्हणजे सर्वात कमी पेट्रोलचा वर्ग, असलेल्याला सुरुवातीला आठवड्याला ४ गॅलन (सुमारे १५ लिटर) पेट्रोल, वेगमर्यादा ताशी ३५ मैल. नवी गाडी घ्यायचा प्रश्नच नव्हता, खासगी मोटारींचं उत्पादन १९४२ च्या फेब्रुवारीतच थांबलेलं. तेलविहिरींच्या शेजारी राहून पेट्रोल मोजून घ्यायचं म्हणजे लोक वैतागणारच, आणि काळाबाजारही झालाच.

लोकांनी जुने टायर, पायपुसणी, रबरी बूट आणून दिले. त्या भंगारातून निघालेलं रबर मात्र हलक्या प्रतीचं होतं. खरी सुटका झाली ती कृत्रिम रबराने. कारखान्यांत पैसा सरकारचा, आणि एरवी एकमेकांच्या नरडीला लागणाऱ्या कंपन्यांनी तंत्रज्ञान आपसांत वाटून घेतलं.