काउंटर ऑफर घेऊन थांबलात, पुढे काय झालं?

राजीनामा दिल्यावर पगार वाढवून धरून ठेवलेली माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. थांबताना काय ठरलं ते सगळे सांगतात, वर्षभरानं त्यातलं काय उरलं ते फारसं कुणी सांगत नाही. तेच लिहा. सुरुवात मी करतो.

नोटीस पिरियड 3 महिन्यांचा होता. राजीनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. 30 टक्के वाढ आणि वर्षअखेरीस बढती. वाढ पत्रात आली, बढती तोंडी राहिली. नव्या कंपनीला नकार कळवला, तेव्हा तिथल्या एचआर बाई नुसत्या "ठीक आहे" म्हणाल्या. माझ्यासाठी त्यांनी रुजू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलली होती. तो फोन अजून मनातून जात नाही. अप्रेझलला कळलं, पुढच्या वर्षीची वाढच मला आधी दिली होती, त्यामुळे यंदा काही नाही. शब्द देणारा मॅनेजर तोवर सोडून गेला होता. नव्या मॅनेजरनं लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला, "रेकॉर्डवर तसं काहीच नाही." आणि नोटीसच्या काळात ज्या मुलाला माझं काम शिकवायला घेतलं होतं, त्याचं शिकणं मी थांबल्यावरही चालूच होतं.

*

मला वाढीऐवजी रिटेन्शन बोनस, म्हणजे थांबण्याबद्दल वेगळी रक्कम, मिळाला. अट होती, 18 महिन्यांच्या आत सोडलं तर परत करायचा. अकराव्या महिन्यात आईच्या आजारपणामुळे सोडावं लागलं. हातात आला होता कर कापून, परत मागितला तो कर कापण्याआधीचा पूर्ण आकडा. पत्रात तसं लिहिलेलं होतं, मी सही करताना वाचलं नाही. हात जोडून सांगते, ते कलम वाचा.

*

माझं चांगलं झालं, तेही सांगायला हवं. पैशाचा प्रश्न नव्हताच. रात्रपाळीमुळे मुलगी मला फक्त झोपलेली दिसायची. साहेबांना हेच सांगितलं. त्यांनी टीम बदलून दिली. बदलीचं पत्र हातात पडल्यावरच राजीनामा मागे घेतला. 4 वर्षं झाली, तिथेच आहे.

*

मी थांबले, पगार वाढला. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला आकडा कळला. आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो होतो, काम सारखंच. ती भांडली नाही. फक्त दुपारी जेवायला उठताना मला हाक मारायची, ते बंद झालं.