'वार्षिकी' दरमहा कशी जमा होईल?

जमाखर्च: निवृत्तीनियोजनावरच्या पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. ॲन्युइटीला (एकरकमी पैसे भरून विकत घेतलेले नियमित हप्ते) 'वार्षिकी' घेतलं आणि वाक्य झालं, 'वार्षिकी दरमहा खात्यात जमा होईल'. 'निवृत्तिवेतन' म्हणावं तर वेतन मालक देतो. हे स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलं. काय वापरावं?

काकपद: वर्षाशन. वर्ष + अशन, वर्षभराचं खाणं. लोक 'वर्षासन' लिहितात, पण त्यात बसायला कुणी आसन दिलेलं नाही.

हलन्त: वर्षाशन देणाऱ्याच्या मर्जीवर मिळायचं, शास्त्र्यांना, देवस्थानांना. इथे करार आहे: एकरकमी पैसे मोजायचे, समोरच्याने तहहयात हप्ते द्यायचे. आणि 'वर्षा'ची अडचण तशीच. लॅटिन 'ॲनस' म्हणजेही वर्षच, तरी इंग्रजाला दरमहा ॲन्युइटी मिळाली तर हसू येत नाही. वार्षिकी ठेवा.

काकपद: इंग्रजाला त्यातलं लॅटिन ऐकू येत नाही, आपल्याला वार्षिकीतलं वर्ष ऐकू येतं. शिवाय वार्षिकी म्हटलं की वार्षिक अंक आठवतो.

त्रैराशिक: नाव राहू द्या, पुढचं वाक्य बघा. 'ॲन्युइटी रेट ८ टक्के'चं (भरलेल्या १०० मागे वर्षाला ८ चा हप्ता) 'परतावा ८ टक्के' केलं असेल तर वाचणारा फसेल. १०० भरले, व्याज ५ टक्के, २० वर्षं वर्षअखेर समान हप्ते: हप्ता येतो ८.०२. परतावा ५ टक्केच. बाकी तुमचंच मुद्दल थोडं थोडं परत येतंय. तहहयात प्रकारात २० वर्षांच्या जागी आयुष्याचा अंदाज येतो, आणि लवकर गेलेल्यांचं उरलेलं जास्त जगणाऱ्यांच्या हप्त्यांत जातं. मुद्दल वारसांना परत देणारा पर्याय घेतलात की हे दोन्ही थांबतं आणि हप्ता व्याजाच्या आसपास उतरतो.

जमाखर्च: परतावाच लिहिलं होतं! 'हप्त्याचा दर' करते. पुढची अडचण 'लाँजेव्हिटी रिस्क'. 'दीर्घायुष्याची जोखीम' लिहिलं तर आशीर्वादाला शाप म्हटल्यासारखं वाटतं.

हलन्त: वाटू दे, अर्थ तोच आहे: पैसे संपले, माणूस शिल्लक. 'आयुर्मानाची जोखीम' मात्र नको. आयुर्मान ही सरासरी, आणि निम्म्याच्या आसपास माणसं तिच्यापुढे जगतात. सरासरीवर बेतलेलं नियोजन तिथेच कोसळतं.

काकपद: जोखीम म्हणजे मौल्यवान ऐवजही. 'अंगावर जोखीम आहे' म्हणजे दागिने आहेत. रिस्कला साधा 'धोका' म्हणा.

त्रैराशिक: तरी जोखीमच बरोबर! धोका टाळायचा असतो; जोखीम जोखता येते, किंमत देऊन दुसऱ्यावर सोपवता येते. एडमंड हॅलीने (हो, धूमकेतूवाला) १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून तेच केलं, ॲन्युइटीची वयानुसार किंमत काढली. हे गणित असूनही अठराव्या शतकात फ्रान्सने वय न बघता एकाच दराने तहहयात हप्ते विकले. जिनिव्हाच्या सावकारांनी मग देवी येऊन गेलेल्या धडधाकट लहान मुली निवडल्या आणि त्यांच्या आयुष्यावर, म्हणजे त्या जगतील तोवर, हप्ते घेतले.

हलन्त: एक राहिलं. ठरीव हप्त्याला 'स्थिर उत्पन्न' लिहू नका. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत त्याची खरेदीशक्ती निम्मी होते. स्थिर राहतो तो आकडा.

त्रैराशिक: म्हणून वाढता प्रकार असतो. वरच्याच हिशेबात हप्ता दरसाल ३ टक्के वाढता घेतला तर सुरुवात ६.२६ ने होते आणि दहाव्या वर्षी तो ८.०२ च्या पुढे जातो. पहिली नऊ वर्षं पोटाला चिमटा.

काकपद: म्हणजे प्रश्न शेवटी अशनाचाच. वर्षाशन!

जमाखर्च: मला उद्या मजकूर द्यायचाय. सरळ 'ॲन्युइटी' लिहू का?

काकपद: लिहा. पण 'न्यु' ऱ्हस्व की दीर्घ?