मदत हवी आहे: गाडीचं 54 हजारांचं काम निघालंय, करू की दुसरी घेऊ? (गुरुवारपर्यंत सांगायचंय)

सड्यावरचा (सोमवार, रात्री 9:52)

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. गाडी शृंगारतळीला गॅरेजमध्ये उभी आहे. मिस्त्रीने 54 हजारांचं काम काढलंय. करावं की दुसरी घ्यावी? गुरुवारी सकाळी त्याला हो-नाही कळवायचंय, नाहीतर गाडी शेडमधून बाहेर काढतो म्हणालाय. बाहेर पाऊस किती आहे ते सांगायला नको. गणपतीला चाकरमानी यायच्या आत गाडी दारात हवी. जाणकारांनी लवकर सांगा, फाटे फोडू नका. आगाऊ धन्यवाद.

जांभाचिरा (सोमवार, रात्री 10:05)

कुठली गाडी?

घाटवाट (सोमवार, रात्री 10:07)

आणि कुठल्या साली घेतलेली? पेट्रोल की डिझेल? किती चालली? 54 हजार कशाकशाचे? अहो, डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हणता तुम्ही.

चार्जिंगपॉइंट (सोमवार, रात्री 10:20)

जुन्यात पैसे घालू नका. इलेक्ट्रिक घ्या. मी दीड वर्ष वापरतोय, ऑइल नाही, क्लच नाही, रेडिएटरची कटकट नाही. अंगणात सॉकेट काढलं की झालं.

बांगडो (सोमवार, रात्री 10:31)

गाडी काय म्हस नाय, आटली म्हणान इकूक. 😄

सड्यावरचा (सोमवार, रात्री 11:02)

वॅगनआर आहे हो, पेट्रोल. 2012 ची. 1 लाख 18 हजार किमी. इंजिनाच्या हेडचं (वरच्या भागाचं) काम 21, क्लच 7, खालचा पत्रा 16, सस्पेन्शन 10. आता सांगा.

हिशेबनीस (मंगळवार, सकाळी 7:15)

माझा साधा नियम. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की हात जोडायचे. तुमच्या गाडीला बाजारात सव्वा-दीड लाखाच्या वर कोणी देणार नाही, तेही पत्रा चांगला असेल तर. म्हणजे तुम्ही काठावर आहात. दुसरी बाजूही बघा. सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. जुन्याच्या किमती त्यामुळे थोड्या बसल्यात. विकायला वाईट, घ्यायला बरं.

नाखवा_72 (मंगळवार, सकाळी 7:48)

15 वर्षं झाली की गाडी भंगारात जाते, सरकारचा नियम आहे. 2012 ची म्हणजे उरलं किती? एक रुपया घालू नका.

घाटवाट (मंगळवार, सकाळी 8:10)

नाखवा, तो नियम दिल्ली आणि आसपासचा, तोही 10 वर्षांचं डिझेल आणि 15 वर्षांचं पेट्रोल असा. आपल्याकडे 15 वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी संपते आणि आरटीओत गाडी दाखवून पुढच्या 5 वर्षांसाठी नूतनीकरण करता येतं. नमुना 25. मुदत संपायच्या आधी 60 दिवसांत अर्ज करायचा. फी पूर्वी 600 होती, 1 एप्रिल 2022 पासून कारसाठी 5000 झाली. शिवाय पर्यावरण कर. भंगारात कोणी ढकलत नाही, पण इन्स्पेक्टर गाडी खालून बघतो.

धागाकर्ते, आरसीवर मुदत कधीपर्यंत आहे?

नाखवा_72 (मंगळवार, सकाळी 8:22)

माझ्या साडूची गाडी गेली तशी, मी डोळ्यांनी बघितली.

घाटवाट (मंगळवार, सकाळी 8:25)

साडू कुठे राहतात?

नाखवा_72 (मंगळवार, सकाळी 8:41)

गाझियाबादला.

ग्रीसवाला (मंगळवार, दुपारी 1:30)

मी रत्नागिरीत वीस वर्षं डेंटिंगचं काम केलंय, आता गुडघ्यांमुळे बंद. हेडचं आणि क्लचचं नंतर बोलू. 16 हजारांचा "खालचा पत्रा" म्हणजे नेमका कुठला, ते सांगा. सगळं त्यावर आहे.

आपल्याकडे गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. देशावर 2 लाख किमी पळालेली गाडी खालून कोरी असते. इथे घर किनाऱ्यापासून किलोमीटरभर असलं, तरी हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं. मीठ ओल धरून ठेवतं. चार महिने पाऊस, मग दमट हवा, पत्रा सुकतो कधी? दरवाज्याखाली आणि रनिंग बोर्डात पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजतात. पाणी आत राहतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग चकचकीत, आत पापड.

एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. गाडी उचललेली असेल तेव्हा खाली शिरा आणि तीन ठिकाणी टोचा: जॅक लावायच्या जागा, पुढचं चाक धरणारा लोअर आर्म जिथे बसतो तिथे आजूबाजूला, आणि मागचं चाक धरणाऱ्या ट्रेलिंग आर्मची माउंटिंग, म्हणजे तो गाडीला जोडतो ती जागा. फ्लोअर सडला असेल तर पत्रा मारून भागतं. माउंटिंगला स्क्रूड्रायव्हर आत गेला तर गाडी सोडा. तिथे वेल्डिंग करून पोरंबाळं बसवायची नाहीत.

अजून एक. कोणी अँटी-रस्ट कोटिंग मारून देतो म्हणाला तर आधी गंज खरवडून काढायला लावा. गंजावर डांबर फासलं की ओल आत कोंडते आणि दुप्पट वेगाने खाते.

तुम्ही गाडीतून मासळी आणता का?

सड्यावरचा (मंगळवार, दुपारी 2:14)

मासळीचा काय संबंध? आणतो कधीकधी. पाहुण्यांसाठी.

ग्रीसवाला (मंगळवार, दुपारी 2:20)

बर्फाचं पाणी डिकीत गळतं ना? तेच मिठाचं पाणी. स्टेपनी काढून बघा खाली काय आहे ते.

बांगडो (मंगळवार, दुपारी 2:33)

आमच्या काकाच्या ओम्नीत सुरमयेचो वास गाडी भंगारात घातली तरी गेलो नाय. भंगारवालो रोज शिव्या घाली.

इथेनॉलत्रस्त (मंगळवार, दुपारी 3:05)

मूळ कारण कोणी बोलतच नाही. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे आणि 2012 ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. रबरी पायपा, गॅस्केट, फ्युएल पंप सगळं जातं. हेड गॅस्केट (इंजिन आणि हेडमधलं सील) त्यामुळेच गेलं असणार.

घाटवाट (मंगळवार, दुपारी 3:12)

पेट्रोलच्या पायपांचं एक वेळ मान्य. पण हेड गॅस्केट इंजिन तापल्यामुळे जातं. तिथे इथेनॉल कुठून आलं? प्रत्येक धाग्यावर तुमचं तेच असतं. मागे कोणी वायपरबद्दल विचारलं तिथेही होतात तुम्ही.

इथेनॉलत्रस्त (मंगळवार, दुपारी 3:20)

वायपरचं रबर रबरच असतं.

जांभाचिरा (मंगळवार, दुपारी 4:00)

मुळात हेड काढायचं ठरलं कशावरून? गाडी गरम होते का? पांढरा धूर येतो का? ऑइलच्या झाकणाला आतून दुधासारखा साका दिसतो का?

सड्यावरचा (मंगळवार, संध्याकाळी 6:45)

गरम होते. खालून सड्यावर येताना घाटी आहे ना, तिथे. सपाटीला काही नाही. धूर नाही. झाकण बघितलं नाही.

आरसी मार्च 2027 पर्यंत आहे.

जांभाचिरा (मंगळवार, संध्याकाळी 7:02)

मग 21 हजारांना आधी हात लावू देऊ नका. रेडिएटरच्या जाळीवर बोट फिरवा. किनाऱ्यावरच्या गाडीत जाळी खारी बिस्किटासारखी भुगा होते, उष्णता बाहेर जात नाही, चढावर गाडी तापते. एसी लावून पंखा सुरू होतो का, तेही बघा. मग गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू करा. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केट गेलंय. नाही आले तर बहुतेक रेडिएटरवर भागेल, मला साडेपाच हजार पडले होते. गरम असताना झाकण उघडू नका, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

चार्जिंगपॉइंट (मंगळवार, संध्याकाळी 7:30)

म्हणूनच म्हणतो, इलेक्ट्रिकला ही भानगडच नाही.

तांबडीमाती (मंगळवार, संध्याकाळी 7:44)

राहता कुठे दादा?

चार्जिंगपॉइंट (मंगळवार, संध्याकाळी 7:46)

कोथरूड.

तांबडीमाती (मंगळवार, संध्याकाळी 8:05)

तरीच. आम्ही दापोली तालुक्यातले. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, आमच्या वाडीत लाइट यायला महिना उलटला. मोबाइल चार्ज करायला आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीपाशी रांग लावली होती. त्यात तुमची गाडी लावा.

चार्जिंगपॉइंट (मंगळवार, संध्याकाळी 8:11)

लाइट नसली की पेट्रोल पंपही बंदच असतो.

तांबडीमाती (मंगळवार, संध्याकाळी 8:13)

पंपावर जनरेटर असतो.

चार्जिंगपॉइंट (मंगळवार, संध्याकाळी 8:14)

मग जनरेटरवर मीही चार्ज करेन.

*(याच्यापुढचे नऊ प्रतिसाद सौर पॅनेल आणि माकडांवर होते, वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. संपादक)*

पुणेकर_पर्यटक (मंगळवार, रात्री 9:40)

तुमच्या बोलण्यावरून तुम्ही गुहागरकडचे वाटता. वेळणेश्वरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय कुठे होईल? चार मोठे, दोन लहान. मासे हवेत.

घाटवाट (मंगळवार, रात्री 9:58)

धागाकर्ते, तुमचं रोजचं चालणं किती आणि कुठे ते अजून सांगितलं नाहीत. आठवड्याला शृंगारतळीचा बाजार एवढंच असेल तर उत्तर वेगळं, चिपळूणच्या फेऱ्या असतील तर वेगळं.

सड्यावरचा (मंगळवार, रात्री 10:30)

चिपळूण महिन्यातून चार-पाचदा, स्टेशनवरून पाहुणे आणायला. आमच्या तीन खोल्या आहेत. आईला डोळे तपासायला न्यावं लागतं ते वेगळं. दापोलीला बहिणीकडे धोपाव्याहून फेरीबोटीने. बाकी इथल्या इथेच.

ग्रीसवाला (मंगळवार, रात्री 10:36)

फेरी! हे आत्ता सांगताय? दर खेपेला गाडी जेटीच्या रॅम्पवरून उतरते, भरती असली की चाकं खाऱ्या पाण्यात. घरी येऊन खालून गोड्या पाण्याने धुता का?

सड्यावरचा (मंगळवार, रात्री 10:41)

पावसात धुतली जाते की.

ग्रीसवाला (मंगळवार, रात्री 10:43)

🤦

हिशेबनीस (बुधवार, सकाळी 7:05)

म्हणजे गाडी धंद्याची आहे. मग माझा निम्म्याचा नियम मागे घेतो. गाडी नसेल तर स्टेशनहून पाहुणे आणायला तुम्ही भाड्याची करणार, गणपतीत रिक्षावाले काय मागतात ते तुम्हाला माहीत आहे. नवी घेतली तर हप्ता, वर पूर्ण विमा. आत्ताच्या गाडीला नुसता थर्ड पार्टी काढलात तरी चालतो, 1000 सीसीच्या आतल्या कारला मूळ हप्ता 2094 रुपये. मार्च 2027 पर्यंत कमीत कमी पैशांत चालवायची की 2032 पर्यंत, हे आधी ठरवा. 54 हजार हा आकडा दोन्हींसाठी चुकीचा आहे. पहिल्यासाठी जास्त, दुसऱ्यासाठी बहुधा कमी.

घाटवाट (बुधवार, सकाळी 8:30)

हिशेबनीसांशी सहमत. पुढची 5 वर्षं हवी असतील तर कागद आत्ताच बघा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का? कर्ज फिटून वर्षं झाली तरी लोक तो उतरवतच नाहीत. बँकेची एनओसी आणि नमुना 35 लागतो. नवी सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवलीत का? 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे, त्यावरून काम अडतं.

सड्यावरचा (बुधवार, सकाळी 9:10)

बोजा आहे. कर्ज 2017 ला फिटलं. एनओसी आली होती, कपाटात आहे कुठेतरी. नंबरप्लेट बसवली.

घाटवाट (बुधवार, सकाळी 9:14)

2017 ची एनओसी आता चालणार नाही, बँकेतून नव्याने घ्यावी लागेल. बोजा असताना विकताही येणार नाही, तेव्हा ठेवा किंवा विका, हे काम करावंच लागणार.

पुणेकर_पर्यटक (बुधवार, सकाळी 11:20)

एसी खोली असल्यास उत्तम.

सड्यावरचा (बुधवार, रात्री 10:15)

आज स्वतः गेलो होतो. मिस्त्री आधी हसला, मग त्यानेच स्क्रूड्रायव्हर दिला.

ड्रायव्हरच्या पायाखाली मुठीपर्यंत आत गेला. गालिचा उचलला तर खाली ओलं, त्यात एक मेलेला खेकडा. डाव्या बाजूच्या दोन्ही जॅकच्या जागा भुसभुशीत. डिकीत स्टेपनीखाली चाळण झालीय, मासळीचं पटलं. मागची माउंटिंग चारदा टोचली, दोन्हीकडे टणक. पुढेही ठीक. एवढं बघून बरं वाटलं.

रेडिएटरची जाळी बोटाने पडली. बुडबुडे नाहीत, झाकण स्वच्छ. मिस्त्री म्हणाला, "मी अंदाज सांगितला होता, उघडल्याशिवाय कळतं का." हेही खरंच आहे. आठ वर्षं तोच बघतोय गाडी, भांडलो नाही.

ग्रीसवाला (बुधवार, रात्री 10:32)

माउंटिंग टणक आहे तर गाडी वाचली. जॅकच्या जागी पत्र्यावर पत्रा ठोकू देऊ नका, सडलेला कापून काढून नवा लावायला सांगा, सगळीकडून वेल्डिंग, मग प्रायमर, मग कोटिंग. आतून रनिंग बोर्डात ऑइल सोडायला सांगा. आणि भोकं मोकळी.

इथेनॉलत्रस्त (बुधवार, रात्री 10:50)

फ्युएल पाइप बदलून घ्याच.

जांभाचिरा (बुधवार, रात्री 10:55)

या वेळेला बरोबर बोललात. 2012 च्या मूळ पायपा असतील तर बदला, काही शेकड्यांचं काम आहे.

सड्यावरचा (गुरुवार, सकाळी 8:40)

सांगून आलो. रेडिएटर, क्लच (चढावर घसरतो, ते ठेवून चालणार नाही), पत्रा कापून, पुढचे शॉकअप, पायपा. हेड नाही. मिळून 35 च्या आत बसवतो म्हणालाय. बँकेत अर्ज टाकतोय. पुढच्या 5 वर्षांचं जानेवारीत पुन्हा खाली शिरून ठरवणार. मासळीला आता प्लॅस्टिकचा टब.

सगळ्यांचे आभार. फाटे फोडू नका म्हणालो होतो ते मागे घेतो.

नाखवा_72 (गुरुवार, सकाळी 9:05)

चूक करताय.

पुणेकर_पर्यटक (गुरुवार, दुपारी 12:10)

अभिनंदन. माझ्या प्रश्नाचं कोणी उत्तर दिलं नाही. येत्या शनिवारी निघतोय, रेल्वेने चिपळूणपर्यंत.

सड्यावरचा (गुरुवार, दुपारी 12:48)

दादा, आमच्याकडेच खोली आहे, व्यक्तिगत निरोप बघा. मासेही मिळतील. फक्त स्टेशनवरून तुमचे तुम्हीच या, गाडी पत्रेवाल्याकडे उलटी टाकलीय.