विषय: डंजन्स अँड ड्रॅगन्स कुणीच खेळलेलं नाही, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी,
सुट्टीत मोठी मुलं आणि त्यांचे पालक एकत्र बसवून डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत, मिळून गोष्ट रचायचा खेळ) खेळावं असं मनात आहे. आमच्यात सगळेच नवखे. मुख्य नियमपुस्तक उघडलं तर तीनशेच्या वर पानं! हे सगळं आधी वाचावंच लागतं, की नवख्यांसाठीच्या छोट्या पेटीवर, म्हणजे स्टार्टर सेटवर, भागेल?

उत्तर:
ताई, भागेल, अगदी छान भागेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये आला आणि १९७७ मध्येच नवख्यांसाठी वेगळा बेसिक सेट काढावा लागला. म्हणजे तुमची अडचण खेळाइतकीच जुनी आहे.

२०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये ३२ पानी नियम, ६४ पानी मोहीम (म्हणजे खेळायची तयार गोष्ट), सहा फासे आणि पाच तयार पात्रं आहेत. २०२२ चा सेट त्याहून आटोपशीर, पात्रं तिसऱ्या लेव्हलपर्यंत, म्हणजे ताकदीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत, नेणारा. पहिल्यांदाच खेळणाऱ्यांना मी हाच सुचवेन.

एक कळकळीची विनंती. पहिल्या दिवशी कुणालाही पात्र बनवायला बसवू नका. वंश, वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे), मंत्र निवडता निवडता संध्याकाळ सरते आणि खेळ राहतोच. तयार पात्राचा कागद हातात द्या, नाव मात्र ज्याचं त्याला ठेवू द्या, आणि थेट विचारा: "दार बंद आहे. आतून कण्हण्याचा आवाज येतोय. काय करतेस?" ती म्हणेल, "कान लावून ऐकते." मग वीस बाजूंचा फासा टाकायला सांगा. पडले ११, पात्राच्या कागदावरचे कौशल्याचे ३ मिळवून १४. मध्यम अवघड कामाला १५ लागतात, म्हणजे एकाने हुकलं. तरी "काही कळलं नाही" म्हणून थांबू नका. आवाज येतोय, पण माणसाचा की जनावराचा ते कळत नाही, असं सांगा. आता दार उघडायचं की नाही यावर टेबलभर चर्चा होईल. खेळ तो हाच, आणि अर्धे नियम यातच समजलेले असतात.

ताईंचं उत्तर:
दादा, हे वाचून धीर आला. पण डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी, मलाच व्हावं लागणार. ऐन वेळी नियम आठवला नाही तर? शिवाय आम्ही आठ-नऊ जण आहोत.

उत्तर:
नियम आठवला नाही तर तिथल्या तिथे निर्णय देऊन पुढे चला, पुस्तक घरी गेल्यावर बघा. पानं उलटत बसलं की मुलं फोन काढतात. तुमची मोहीम आधी नीट वाचून झालेली असली की पुरे.

आठ-नऊ जणांचं एक टेबल मात्र नको, पाळी येईपर्यंत माणूस कंटाळतो. दोन टेबलं करा. दुसऱ्याचा मास्टर एखादा उत्साही मुलगा किंवा मुलगी होऊ दे, मुलं हे काम फार मनापासून करतात.

तुम्हाला आधी एकटीने सराव करायचा असेल तर पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाचा बिगिनर बॉक्स (नवख्यांची पेटी) बघा. त्याची सुरुवातच एकट्याने खेळायच्या साहसाने होते. कॉल ऑफ कथुलू या आणखी एका खेळाच्या स्टार्टर सेटमध्येही तशी सोय आहे, पण ती भयकथा, लहानांसमोर नको.

टेबलं ठरली की कळवा. फाशांचे दोन संच माझ्याकडे आहेत, ते घेऊन येतो.